एक खिडकी, पाच विषय

आमच्या कॉलेजात मुलांनी लिहून दिलेलं कोणी वाचत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, रीत म्हणून सांगते. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांची फाईल आणतात, ती हाताने जशीच्या तशी उतरवतात आणि वर नवं कव्हर चढवतात. आम्ही पहिलं पान उघडतो, शेवटचं पान उघडतो, लाल शाईने सही करतो आणि दहापैकी आठ देतो. दोन्हीकडची बोटं दुखतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. अमरावतीत मी मराठी शिकवते त्याला वीस वर्षं होत आली. त्यातली बहुतेक वर्षं मीही अशाच सह्या ठोकल्या आहेत.

मग नवा अभ्यासक्रम आला. प्रत्येक विषयाने आपापला लेखनाचा गृहपाठ द्यायचा, आणि तो विषयाला शोभेल असा हवा, असं फर्मान निघालं. लिहिणं म्हटलं की मराठीवाल्यांचं काम, असं आमच्या प्राचार्यांना वाटतं, म्हणून सगळ्या विभागांचे गृहपाठ बसवण्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. माझा स्वभाव असा की काम अंगावर पडलं की मी कुरकुरते, आणि हातात घेतलं की बाकीच्यांना काही कळत नाही अशा थाटात करते. तेव्हाही तेच झालं.

माझा नियम एकच होता. 'माहिती लिहा' असा प्रश्न कोणी काढायचा नाही. माहिती मोबाइल लिहून देतो, आणि त्याच्या आधी सिनियरची फाईल देत होती. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर फाईलमध्येही नसेल आणि मोबाइलमध्येही. जा, बघा, मग लिहा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल ते लिहायचं नाही. हे मी प्रत्येक विभागात जाऊन इतक्या वेळा सांगितलं की शिपाईसुद्धा मला पाहून हसू लागला.

वनस्पतीशास्त्राच्या मॅडम सोप्या निघाल्या. घराजवळचं एक झाड घ्यायचं, पंधरा दिवस एकाच वेळी त्याच्यापुढे उभं राहायचं, दिसेल ते लिहायचं. रसायनशास्त्राच्या सरांशी मात्र माझी दोन दिवस जुंपली. "मॅडम, आमच्यात 'मी' चालत नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडे सगळं आपोआप होतं: घेतले गेले, तापवले गेले, गार झाले. करणारा कोण, ते कधी कळतच नाही. शेवटी तोड निघाली की स्वयंपाकघरातली एक क्रिया त्यांच्याच भाषेत लिहायची, पण शाळेत न गेलेल्या माणसाला समजेल अशी. इतिहासाच्या सरांना मी विषय दिला, घरातली एक जुनी वस्तू. तिच्याबद्दल तीन माणसांना विचारायचं, तिघांचं कुठे जुळत नाही ते लिहायचं, आणि खरं कोण हे ठरवायचं नाही. भूगोलाला दारापासून दोनशे पावलांचा नकाशा दिला.

गृहअर्थशास्त्राच्या मॅडमकडे आधीपासून एक तक्ता होता. एका माणसाचा सात दिवसांचा आहार, म्हणजे वेळ, पदार्थ आणि प्रमाण. मी त्यात दोन रकाने पाडले. एकात त्या माणसाने काय खाल्लं म्हणून सांगितलं ते लिहायचं, दुसऱ्यात तुम्ही काय खाताना पाहिलं ते. शेवटी शेऱ्याचा रकाना होताच. मॅडमनी तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला.

"बाप्पा! मॅडम, तुमी तं पोलिसात पायजे होत्या," त्या म्हणाल्या.

मला ते फार आवडलं. सांगितलं आणि पाहिलं या दोन रकान्यांचा मला आठवडाभर अभिमान वाटत होता.

पण सगळ्यांनी एकच हट्ट धरला. नमुना द्या. नमुन्याशिवाय पोट्टे काय लिहिणार? नमुना दिला की तोच उतरून येतो हे मला ठाऊक होतं. तरी मला माझी हुशारी दाखवायची होती. पाच विषयांना पाच नमुने देण्याऐवजी मी एकच दृश्य घेतलं आणि ते पाच विषयांच्या पाच पद्धतींनी लिहिलं, म्हणजे कोणता विषय डोळे कुठे लावतो ते मुलांना कळेल. त्याला मथळा दिला, 'एक खिडकी, पाच विषय'. दृश्य शोधायला मला लांब जावं लागलं नाही. खिडकी अकोल्याची होती आणि खिडकीत बसलेली बाई माझी आई होती.

आईबद्दल इथेच सांगून टाकते. वडील गेल्यापासून ती अकोल्याच्या घरात एकटी राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे निळं फाटक. वय अठ्ठ्याहत्तर. मी तिची एकुलती एक, लग्न केलं नाही, अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. "तुह्या त्या तिसऱ्या मजल्यावर माहा जीव घुसमटते," म्हणायची. गेल्या दीड वर्षात ती विसरू लागली होती. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करायची, दुपारी बाराला जायची. एका रविवारी ती मला फाटकापाशी गाठून म्हणाली, "बाई, आजीले एकटं नोका ठेवू आता." मी तिला म्हटलं, तुम्ही स्वयंपाकाचं बघा. असं तोडून बोलायला मला कधी वेळ लागत नाही.

खरं म्हणजे मी घाबरले होते. आई ठीक नाही असं एकदा मान्य केलं की काहीतरी करणं भाग होतं. तिला उचलून आणायचं, नाहीतर माझं सगळं सोडून तिथे जायचं. म्हणून ती ठीक आहे असं मी ठरवून टाकलं होतं. रोज संध्याकाळी सातला मी फोन करायचे. जेवली का? जेवली. काय केलं होतं? भाकर अन् वांग्याची भाजी. फोनवर ती मला अहोजाहो करायची. मी प्राध्यापक झाल्यापासून ती माझी अशी थट्टा करायचीच, त्यामुळे मलाही त्यात गंमत वाटायची. पंधरा दिवसांनी एखाद्या रविवारी जायचे, स्वयंपाकाची बाई फाटकातूनच ओरडायची, "आजी, पोरगी आली तुमची!" आणि आई हसून ताट वाढायची. जेवून मी पेपर तपासत बसायचे आणि पाचच्या गाडीने परत यायचे.

नमुना मी अमरावतीत बसून लिहिला. आई खिडकीत बसते, तिच्यासमोर कढीपत्त्याचं झाड आहे. हे वनस्पतीशास्त्र. ती दही लावते. हे रसायन. तिच्या शेजारी पितळेची कळशी, तिच्याबद्दल तिघांच्या तीन गोष्टी. हा इतिहास. दारापासून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंतचा नकाशा. आणि सात दिवसांचा आहार, दोन्ही रकाने भरलेले, दोन्हीत तेच. नाव कुठे घातलं नाही, नुसतं 'एक वृद्ध स्त्री' म्हटलं. तिची एक सवय मात्र घातली. ती बसल्या बसल्या उजव्या अंगठ्याने त्याच हाताच्या एकेका बोटाचं टोक दाबत जाते, करंगळीपासून पहिल्या बोटापर्यंत आणि पुन्हा उलट. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही हा माझाच नियम मी पाच वेळा मोडला, आणि मोडते आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. स्वतःची आई काय पाहायची?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर पाच विभागांचे पाच गठ्ठे माझ्या टेबलावर आले. या वेळी प्रत्येक पान वाचायचं असं मी जाहीर केलं होतं. दुपारी तीननंतर आमची स्टाफरूम रिकामी होते. थंडी पडू लागल्याने पंखे बंद होते आणि खोलीत एवढी शांतता होती की पान उलटल्याचा आवाज मोठा वाटायचा.

पहिला गृहपाठ वनस्पतीशास्त्राचा, शेंदूरजनाघाटच्या मुलीचा. तिने संत्र्याचं झाड घेतलं होतं. वा, म्हटलं. तिसऱ्या ओळीत होतं: 'झाडासमोर एक खिडकी आहे. खिडकीत एक वृद्ध स्त्री बसलेली असते. ती अंगठ्याने बोटांची टोके दाबते.' मला हसू आलं. संत्र्याच्या बागेत हिला खिडकी कुठून मिळाली? दुसऱ्यात कडुलिंब होता, तिसऱ्यात बोर. झाड बदलत होतं, खिडकी बदलत नव्हती. दहाव्या कागदापर्यंत मी हसत होते. त्यानंतर मला ते जमेना.

रसायनशास्त्राच्या मुलांनी 'मी' गाळायचा नियम मनापासून पाळला होता. 'दूध कोमट केले गेले. विरजण लावले गेले. खिडकीत स्त्री बसलेली आढळली. बोटे दाबली गेली.' कोणाची बोटं, कोणी दाबली, काही नाही. मी ते वाक्य तीस-पस्तीस हस्ताक्षरांत वाचलं, गोल अक्षरात, तिरक्या अक्षरात, निळ्या शाईत, काळ्या शाईत. वाचता वाचता खाली पाहिलं तर माझा स्वतःचा अंगठा करंगळीवर होता.

भूगोलाचे नकाशे मी टेबलावर पसरले. एक भातकुलीचा, एक हिवरखेडचा, एक परतवाड्याचा. गावं वेगळी, रस्ते वेगळे, कुठे नाला, कुठे मशीद, कुठे विहार. आणि प्रत्येक नकाशात दाराच्या डाव्या हाताला एक छोटा चौकोन, खाली लिहिलेलं, 'खिडकी'. एकाने चौकोनात दोन ठिपके काढले होते. ते डोळे आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर मी तो नकाशा पालथा ठेवला.

इतिहासाच्या गठ्ठ्यात आणखी काही घडत होतं. नमुन्यावरून एकाने उतरवलं, त्याच्यावरून दुसऱ्याने, त्याच्यावरून तिसऱ्याने. उतरवताना ओळी गळत होत्या. माझ्या नमुन्यातली बाई कळशीची गोष्ट रंगवून सांगते. पुढच्या एकात ती थोडक्यात सांगते. त्यापुढच्यात, 'तिला विचारले असता ती काही बोलली नाही.' मग तिला ऐकू येत नाही. मग 'तिला कोणी नाही.' कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, पण कागदामागून कागद माझी आई माझ्यासमोर कमी होत चालली होती. आणि सगळ्यात शेवटी भातकुलीच्या एका विद्यार्थ्याचा कागद होता. त्याची शेवटची ओळ: 'मागच्या महिन्यात ती वारली. आता खिडकी बंद असते.'

चार वाजले होते. फोनची वेळ नव्हती, तरी मी आईला फोन लावला. नुसती घंटी जात राहिली. तीनदा लावला. मग खुर्चीत बसून राहिले आणि सात वाजायची वाट पाहिली. सातला तिने दुसऱ्या घंटीला उचलला. जेवली. भाकर अन् वांग्याची भाजी. मला इतकं हायसं वाटलं की त्या पाठोपाठ रागच आला, आणि दुसऱ्या दिवशी मी त्या भातकुलीवाल्याला बोलावून घेतलं. उंच, मिशीवाला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून आलेला.

"हे काय लिहिलंस?"

"गृहपाठ, मॅडम."

"ही बाई कोण?"

"तुमचीच न, मॅडम. तुमीच तं नमुना देल्ला होता."

"मग तिला मारलं काहून?" रागात माझी प्रमाणभाषा सुटते.

तो खाली बघत म्हणाला, "पानं कमी पडून राह्यले होते, मॅडम. अन् शेवट बी पायजे न काही."

तो निघून गेल्यावर मी लाल पेन घेतलं आणि उरलेल्या गठ्ठ्यात जिथे खिडकी दिसेल तिथे 'नक्कल' लिहून शून्य द्यायला सुरुवात केली. वाचायचीही गरज नव्हती. पहिली ओळ बघायची, शून्य द्यायचं, पुढचा घ्यायचा. आयुष्यभर आठ देत आले तशीच आता शून्यं देत होते.

गृहअर्थशास्त्राचा शेवटचा गठ्ठा मी दुपारी बारालाच उघडला. त्यातही अर्ध्याहून अधिक ठिकाणी तीच वृद्ध स्त्री आणि दोन्ही रकान्यांत माझाच आहार. एका मुलीची पहिली ओळ होती: 'एक वृद्ध स्त्री. वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर. अकोला.' मी नक्कल लिहिलं, शून्य काढलं आणि कागद बाजूला सरकवला. सरकवताना दिसलं की हिच्या तक्त्यातला उजवा रकाना जवळजवळ मोकळा आहे.

मी तो परत ओढला. सोमवार संध्याकाळ. सांगितलं: भाकर, वांग्याची भाजी. पाहिलं: काही नाही, सकाळचं ताट झाकलेलं तसंच. मंगळवार. सांगितलं: भाकर, वांग्याची भाजी. पाहिलं: दोन घास भात. बुधवार. सांगितलं: भाकर, वांग्याची भाजी. पाहिलं: चहा, बिनसाखरेचा, कारण साखर समजून दुसरंच काही टाकत होती, मी हात धरला. अक्षर बारीक, सरळ, कुठे खाडाखोड नाही.

शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नव्हती म्हणून तिने पान उलटून मागे लिहिलं होतं. 'आजी उजव्या मनगटात पुरुषांचं बंद पडलेलं घड्याळ घालते. सात वाजता फोन येतो, तेव्हा ती जेवली म्हणून सांगते. दुपारी चारला निळ्या फाटकात उभी राहून शाळा सुटायची वाट पाहते. मला विचारते, तू माही पोरगी काय? पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं. आजी रडली आणि त्या दिवशी काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी हो म्हणते. हो म्हटलं की ती आत येते आणि माझ्यासमोर बसून थोडं खाते. माझ्यामुळे आहारात फरक पडला. हे निरीक्षणात धरावं की नाही, कृपया सांगावे.'

घड्याळ माझ्या वडिलांचं आहे. मी ते नमुन्यात लिहिलेलं नव्हतं, फाटकाचा रंगही नव्हता. स्टाफरूममध्ये दुपारच्या उजेडात बसून मी ते पान परत परत वाचत होते. एवढ्या कागदांतून ती बाई माझ्याकडे बघत होती, तोपर्यंत मला भीती वाटली होती ती खोट्याची होती. आता समोर खरं होतं, आणि त्यावर मी माझ्या हाताने नक्कल लिहिलं होतं.

मुलगी वसतिगृहात राहणारी होती. बोलावल्यावर आली ती रडायच्या बेतातच. तिला वाटलं, चोरीचा आरोप होतो आहे.

"मॅडम, आईशप्पथ, नक्कल नाही केली मी," ती म्हणाली. "नमुना वाचला तवाच मले वाटलं, अशीच एक आजी आमच्यासमोर राह्यते. आमी उन्हाळ्यातच तथी राहाले आलो. दिवाळीत घरी गेली तं सात दिवस रोज गेली मी तिच्याकडं. तुमीच म्हनलं होतं न, पाह्यल्याबिगर लिहू नोका."

"आता चार वाजता कोण जातं तिच्याकडे?"

"माही आई जाते. पन आजी तिले पोरगी नाही म्हनत. मंग फाटकातच उभी राह्यते, अंधार पडेलोक."

मी तिला सांगितलं नाही की ती माझी आई आहे. तिने जाता जाता विचारलं, "मॅडम, ते मी हो म्हनलं ते चुकलं काय?" मी नाही म्हटलं, आणि तशीच बस स्टँडवर गेले.

अकोल्याला पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. गल्लीत शिरताच लांबूनच आई दिसली. फाटकाला दोन्ही हात लावून उभी, नजर गिरणीच्या कोपऱ्यावर. मी त्याच कोपऱ्यावरून चालत गेले, सरळ तिच्या नजरेतून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाटेतून खांब बाजूला करावा तशी मान थोडी कलती करून माझ्या मागे पाहत राहिली. या वेळी फाटकातून ओरडून सांगणारं कोणी नव्हतं. एवढ्या रविवारी तिला माझी ओळख कोणीतरी करून देत होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"कोन पायजे बाई तुमाले?" तिने विचारलं. आवाज अगदी प्रेमाचा.

मी म्हटलं, "आई."

"हो, बसा न. या आत. माही पोरगी येतच असन शाळेतून. तिच्यासंग चहा घ्या."

आत जाऊन बसलो. ताट झाकलेलं होतं. मी उघडून पाहिलं, भाकर सुकून वाकडी झाली होती. मी काहीबाही बोलत राहिले, अमरावतीचं, बसचं, थंडीचं. ती मान वाकडी करून ऐकत होती, शब्दांकडे नाही, आवाजाकडे. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"थांबा, थांबा. हा आवाज माह्या ओळखीचा हाय. तुमी त्या फोनवाल्या बाई काय?"

"हो," मी म्हटलं.

"बाप्पा! रोज सातले फोन करता तुमी. कोन हायेत मालूम नाही, पन किती मायेनं इचारता, जेवली काय, जेवली काय. तुमाले बरं वाटावं म्हनून मी जेवली म्हनून देते." ती माझ्या हातावर हात ठेवून हसली. मी रडले. ती मला समजावत विचारत राहिली, तुमच्या घरी काही झालं काय, बाई?

त्या महिन्यात मी अमरावतीचं बिऱ्हाड आवरलं. आता अकोल्याहून अप-डाउन करते, दुपारी समोरच्या घरातली त्या मुलीची आई बसते, आणि चारच्या सुमाराला मी फाटकाशी पोचेन असं वेळापत्रक मी प्राचार्यांशी भांडून बसवून घेतलं आहे. मुलीच्या गृहपाठावरचं नक्कल खोडून मी शेजारी पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिलं, 'निरीक्षणात धरावं'. नमुना देणं बंद केलं. विभागांनी आरडाओरडा केला, करू दे. नमुना नसल्यामुळे मुलं वेडंवाकडं लिहितात, पण एकाही कागदात खिडकी आली नाही. मी स्वतः मात्र रोज तक्ता भरते, तिच्यासमोर बसून, दोन्ही रकाने. उजवा हळूहळू भरू लागला आहे. कोणत्या दिवशी मी तिची पोरगी असते, कोणत्या दिवशी नुसती बाई, हे शेऱ्यात लिहिते. पोरगी फार कमी दिवस असते.

राहिला सातचा फोन. घरी राहायला आल्यावर पहिल्या दिवशी मी तो केला नाही. सात वाजले, सव्वासात झाले, आई फोनपाशी बसून राहिली, उठेना, जेवेना. आज त्या बाईचा फोन काहून नाही आला, म्हणून डोळे भरून आले तिचे. तेव्हापासून सात वाजले की मी स्वयंपाकघरात जाते, दार लोटून घेते आणि समोरच्या खोलीत बसलेल्या माझ्या आईला फोन लावते. घंटी भिंतीपलीकडे वाजते. तिचा आवाज मला दारातूनही येतो आणि कानातूनही, कानातला किंचित मागाहून. सुरुवातीला त्याने अंगावर काटा यायचा. आता सवय झाली.

परवा ती म्हणाली, "जेवली. खरंच जेवली आज. गरम भाकर भेटली." मग तिने आवाज अगदी खाली आणला. "एक सांगू काय तुमाले? कोनाले सांगू नोका. घरात एक बाई येऊन राह्यली हाय. सामान घेऊनच आली."

"कशी आहे?"

"चांगली हाय. खाऊ घालते. पन माह्याकडं पाहून पाहून काहीतरी लिहीत राह्यते."

"मग, राहू द्या की तिला."

दाराच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती, आणि फोन धरलेला हात.

"मले काही तरास नाही तिचा," ती म्हणाली. "पन तिची माय वाट पाहत असन न घरी. तुमी सांगता काय तिले, घरी जा म्हना?"

मी सांगते म्हणाले.